मोहरीतले चार, हिंगातला एक

आप्पाकाकांसमोर यंत्राच्या बाबतीत ‘गेला’ हा शब्द काढायची सोय नाही. मिक्सर गेला, गीझर गेला, टीव्ही गेला असं कोणी म्हणालं की ते चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “कुठे गेला? काही सांगून गेला का?” मग समोरचा ओशाळतो. ओशाळला की काका खूश. “हे बघ, जातात ती माणसं. मशीन बंद पडतं. आणि सेल संपतो.” या तीन क्रियापदांची अदलाबदल त्यांना अजिबात खपत नाही. एकदा एका वर्षश्राद्धाला जेवताना त्यांनी शेजारच्या पानावरच्या गृहस्थांची याच मुद्द्यावर अर्धा तास शिकवणी घेतली होती. कारण काय, तर त्यांची गाडी ‘गेली’ होती. मठ्ठा संपेपर्यंत ती नुसती ‘बंद पडली’.

त्यामुळे माझा लॅपटॉप बिघडला तेव्हा काकांना कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं.

लॅपटॉप म्हणजे २००९ साली घेतलेला, काळा, चौकोनी, सुटकेससारखा दणकट. कीबोर्डच्या मधोमध लाल टिकली. मी भाषांतरं करते आणि माझं निम्मं आयुष्य श्रीलिपीतल्या फायलींमध्ये पडून आहे. युनिकोडच्या आधी ज्यांनी मराठी टाइप केलं त्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. नव्या मशीनवर त्या फायली उघडल्या की ‘ज्ञानेश्वर’ लिहिलेल्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून हा म्हातारा मी सांभाळून होते. त्याची मोठी बॅटरी केव्हाच फुगली, ती काढून टाकली. तारेवर चालतो, चालू दे.

पण गेल्या वर्षी त्याला विस्मरण जडलं. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी. वीज गेली, परत आली, लॅपटॉप लावला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ०२७१ असा आकडा आणि शेजारी ‘तारीख-वेळ तपासा’ अशा अर्थाचं इंग्रजी. तपासावं तर १ जानेवारी २००९, रात्रीचे बारा. दर गुरुवारी मी पंधरा वर्षांनी तरुण व्हायचे. इंटरनेट उघडावं तर ब्राउझर एकाही साइटला आत घेईना, कारण त्या साइटींची सुरक्षेची प्रमाणपत्रं त्याच्या हिशेबाने अजून जन्मालाच आली नव्हती. वैतागून मी तारीख दुरुस्त करायचंच सोडून दिलं. मग एके दिवशी प्रकाशकांच्या हिशेबनिसांचा फोन आला. “मॅडम, बिल मिळालं. पण हे पंधरा वर्षांपूर्वीचं आहे. एवढी जुनी थकबाकी आमच्या खातेवहीत दिसत नाही हो.” बिलावरची तारीख आपोआप पडते हे मी विसरले होते.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून सांगितलं. साडेसहा हजार, आणि तेही पार्ट मिळाला तर. हे वाक्य मी घरी येऊन आईला सांगितलं, आईने फोनवर काकूला सांगितलं, आणि पाऊण तासात काका दारात.

“मदरबोर्ड गेला?” चपला काढतानाच त्यांनी विचारलं. “कोण म्हणतो गेला? उघडून बघितलं का त्याने?”

“नाही.”

“मग? नाडी न बघता सर्टिफिकेट?”

*

काकांचं वय ७८. नोकरी सगळी टेलिफोन खात्यात. १९८ फिरवून तक्रार नोंदवली की जी माणसं खांद्याला पिशवी लावून सायकलवर यायची, त्यांतले हे एक. घरोघरी फोन उघडून बघण्यात तारुण्य गेलं आणि निवृत्तीनंतर फोन उघडण्यासारखे राहिले नाहीत, तेव्हा त्यांनी उरलेलं जग उघडायला घेतलं. ‘उघडून तर बघू’ हे त्यांचं ब्रीद. आमच्या नात्यातल्या एकाही घरात काकांनी आतून न पाहिलेली वस्तू नाही.

सगळं दुरुस्त होतं असं मात्र नाही, हेही सांगितलं पाहिजे. माझ्या मामेबहिणीचा टोस्टर त्यांनी उघडल्यापासून एकाच बाजूने भाजतो. मामेबहीण आता पाव मध्येच उलटते आणि म्हणते, सवय झाली. आत्याच्या भिंतीवरच्या घड्याळाला काकांनी नीट केलं तेव्हापासून ते सव्वातीनला दोनदा ठोके देतं. त्यावर काकांचं उत्तर तयार असतं. “चालतंय ना? मग!”

पण त्यांची कीर्ती झाली ती सोसायटीच्या कॉम्प्युटरमुळे. सेक्रेटरींनी त्याला सुरू होतानाच विचारला जाणारा पासवर्ड घातला आणि गणपतीच्या गडबडीत विसरले. वर्गणीचा सगळा हिशेब आत. सेक्रेटरींच्या मुलाचा वाढदिवस, फ्लॅटचा नंबर, बायकोचं माहेरचं नाव, सगळं घालून झालं. काका आले, डब्याचं झाकण काढलं, आतला रुपयाएवढा गोल सेल नखाने उचकटून खिशात टाकला आणि म्हणाले, “आता चहा.” चहा, मग दुसरा चहा, मग सेल परत जागेवर. कॉम्प्युटर पासवर्ड विसरला. सेक्रेटरींना काकांचे पाय धरावेसे वाटले. अशा डेस्कटॉपमध्ये पासवर्ड त्या सेलच्या जिवावर जगत असतो, सेल काढला की तो संपतो. यात जादू नाही, पण ते सांगायला त्या दिवशी कोणाला वेळ नव्हता. तेव्हापासून बिल्डिंगमधली माणसं काहीही अडलं की काकांकडे येतात. परवा तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा त्यांच्या जावयाला घेऊन आले होते. जावई कोणाचं ऐकत नाही, म्हणून. “काका, याचा सेल काढून बघा ना.”

*

“उघडायचा रविवारी,” काकांनी फर्मान काढलं. “माझ्याकडे घेऊन ये. इथे उजेड नाही.”

माझ्याकडे उजेड भरपूर आहे. नाही ती काकू, जी दर वीस मिनिटांनी काहीतरी खायला आणते.

रविवारी गेले तर जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरलेला. पेपर शिळाच लागतो, कारण ताजा वाचायचा राहिलेला असतो. आणि शिळ्याचंही हे की, स्क्रू काढता काढता काका त्यातलं काहीतरी पुन्हा वाचतात आणि पुन्हा चिडतात. शेजारी श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात काकूच्या भुवया कोरायचा चिमटा, जुना टूथब्रश आणि कुठल्याशा स्पीकरमधून निघालेलं लोहचुंबक. पेचकसाचं टोक त्यावर चार वेळा घासलं की पेचकस स्क्रू उचलतो. पलीकडे मोटवानेचा काट्यावाला मल्टिमीटर, खाकी कव्हरात. आकडेवाल्या मीटरवर काकांचा विश्वास नाही. “आकडा नुसता सांगतो. काटा दाखवतो.”

आणि मधोमध मिसळणाचा डबा.

हा डबा म्हणजे काकांची खरी बुद्धी. काकूने नवा घेतला तेव्हा जुना त्यांनी मागून घेतला. सात वाट्या. जिथला स्क्रू तिथल्या वाटीत, आणि वाट्यांची नावं काकूच्या राज्यात होती तीच. कीबोर्डचे मोहरीत. हाताचे तळवे टेकतात त्या पट्टीचे लांब स्क्रू जिऱ्यात. मधले मेथीत. पंचवीस वर्षांची हळद त्या स्टीलला अशी बसली आहे की हळदीच्या वाटीतून आलेला प्रत्येक स्क्रू किंचित सोनेरी असतो. मी वहीत लिहायला बसले होते: मोहरी चार, जिरं तीन. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, काका मला फोडणी शिकवतायत.

“खिडकीच्या गजाला हात लावून ये.”

“कशाला?”

“अंगात वीज असते. आधी ती घालवायची, मग आत हात.”

मी गजाला हात लावून आले. काकूही लावून आली, उगाच.

लॅपटॉप पालथा करून त्यांनी बोटाने खुणा दाखवल्या. ज्या स्क्रूंशेजारी कीबोर्डचं इवलंसं चित्र कोरलंय तेच काढायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. “बघ, बनवणाऱ्याला ठाऊक होतं की कोणीतरी कधीतरी उघडणार. खुणा करून ठेवल्यात. हल्लीचे चिकटवतात.” मग उलथा केला, कीबोर्ड हलकेच पडद्याच्या दिशेने सरकवला आणि साय उचलावी तसा उचलला. खाली एक चपटी पट्टी बोर्डात खोचलेली होती, ती चिमट्याने सोडवली. लाल टिकलीकडे बघून म्हणाले, “कुंकू लावलेलं मशीन आहे. घरंदाज.”

कीबोर्डच्या खालचं दृश्य मात्र घरंदाज नव्हतं. केस, पेन्सिलीची साल, आणि पोहे. काकांनी चिमट्यात एक पोहा धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्याजवळ नेला.

“चिवडा खातेस लॅपटॉपवर?”

मी गप्प.

“हा भाजक्या पोह्यांचा. तू पातळ पोह्यांचा करतेस. म्हणजे हा तुझा नाही.”

“माझा!” स्वयंपाकघरातून काकू. “पाठवला होता दिवाळीला. कुठल्या, ते आता सांगता यायचं नाही.”

मग पट्टी निघाली, आणि बोर्डाच्या कडेला पिवळ्या प्लॅस्टिकच्या कातड्यात गुंडाळलेला तो दिसला. एवढासा. त्याला दोन शेपट्या, एक लाल, एक काळी, आणि टोकाला मुंगीएवढा पांढरा प्लग. काकांनी तो सोडवला, पिवळं कातडं ब्लेडने कापलं, मीटरच्या दोन सुया लावल्या. काटा जागचा उठला आणि दीडच्याही अलीकडे थकून बसला.

“तीन पाहिजेत,” काका हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी समाधानाने: “सेल संपलाय. मशीनला काही झालेलं नाही.”

*

हे सगळं तासाभरात झालं. इथे कोणालाही वाटेल की आता सेल आणायचा, घालायचा, झालं. असं वाटणाऱ्याने आप्पाकाका पाहिलेले नाहीत.

“राहू दे इथे,” म्हणाले. “मी तपकीर गल्लीत जाऊन आणतो.”

मी सांगून बघितलं की हा सेल सीआर २०३२ आहे, घड्याळवाल्याकडे मिळतो, औषधांच्या दुकानातसुद्धा मिळतो. काका दुखावले. वस्तू पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणणं आणि कोपऱ्यावरून आणणं यात त्यांच्या लेखी देवाला हार घालणं आणि फोटोला घालणं इतकं अंतर आहे. शिवाय ज्येष्ठांचा बसचा पास असतो, तो वसूल व्हायला हवा.

सेल यायला आठ दिवस लागले. आठही दिवस माझा लॅपटॉप काकांच्या टेबलावर उघडा पडून होता, वर काकूची जाळीची टोपली, डाळिंबाचे दाणे झाकतात ती. रोज संध्याकाळी काकांचा फोन. “पेशंट स्थिर आहे.” बाकी काही नाही, एवढंच, आणि मग वीस मिनिटं इतर. माझ्या कामाची मुदत, तुंबलेली प्रुफं, मी ओठ चावून ऐकत होते. सोमवारी गल्ली बंद होती. मंगळवारी काका गेले, पण ओळखीचे दुकानदार जेवायला गेले होते, म्हणून काकाही परत आले. बुधवारी जुना बाजार असतो, तिकडे वळले आणि सेलऐवजी पितळी नळाची तोटी घेऊन आले. काय करणार तिचं? “स्वस्त होती.”

अखेर सेल मिळाला त्या प्रसंगाचं वर्णन मी तीन वेळा ऐकलं आहे. दुकानातल्या पोराने आधी २०२५ पुढे केला. म्हणाला, “चालतो आजोबा, सेमच आहे.” काकांनी काउंटरला कोपर टेकलं. “बाळा, २० म्हणजे व्यास, २० मिलिमीटर. पुढचं २५ म्हणजे जाडी अडीच. मला ३.२ पाहिजे. सेम कसं?” मग पोराने चार्जिंगचा दाखवला. काका म्हणाले, तो ३.६ व्होल्टचा, माझं घर तीनचं. आर म्हणजे राउंड, गोल, सी म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडचा सेल, हे सगळं पोराला सांगून झालं. मागे रांग लागली. पाकिटावरची मुदत भिंगाने वाचली. दर चाळीस रुपये. पस्तीस दिले.

“पाच रुपयांसाठी तीन खेपा, काका?”

“अगं, पोरगा शिकला की!”

*

पुढच्या रविवारी पुन्हा पेपर, पुन्हा खिडकीचा गज.

नव्या सेलला शेपट्या नव्हत्या. जुन्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या कारखान्यात ठिणगी मारून चिकटवलेल्या असतात, त्या काकांनी ब्लेडने सोलून अलगद वेगळ्या केल्या. मी म्हटलं, डाख द्या ना सरळ. मल्टिमीटरपेक्षा जुनी डाख द्यायची गन शेजारीच होती. काकांनी असं बघितलं जसं मी बाळाला उकळत्या पाण्यात बुडवा म्हणाले. “सेलला थेट डाख द्यायचा नाही. तापला तर फुटतो तो.” मग पट्ट्या नव्या सेलवर दाबून बसवल्या, लाल तार अधिकवर, काळी उणेवर, तीनदा ताडून. वरून चिकटपट्टी, आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचं कापलेलं बोटभर रुंदीचं रबर ताणून चढवलं. काकांच्या घरातली निम्मी यंत्रं सायकलच्या ट्यूबने एकत्र राहिली आहेत. सायकल कधीच विकली, ट्यूब ठेवली.

जुना सेल त्यांनी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळला, वर तारीख आणि ‘ठमीचा लॅपटॉप’ असं लिहिलं आणि कपाटावरच्या डब्यात टाकला. डब्यात असे शे-सव्वाशे संपलेले सेल आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी. कचऱ्यात टाकायचे नाहीत. आणि खाली तर ठेवायचेच नाहीत. नातू दीड वर्षाचा आहे आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालतो. असला सेल पोराच्या घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजतो, हे सांगताना काकांचा आवाज एकदम उतरला. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं, मग काकूला बघायला लावलं, मग मला.

मीटरचा काटा तीनच्या पुढे जाऊन थांबला. आता लावायचं. पण चहा आला होता आणि चहाबरोबर काकांना शिकवायची लहर येते.

“एवढासा सेल वेळ कशी सांभाळतो, माहितीये?”

आपल्याला माहीत असलं तरी नाही म्हणायचं असतं.

विजेच्या बिलाच्या पाठीमागे त्यांनी लिहिलं: ३२,७६८. “आत गारगोटीचा एक कण असतो. सेकंदाला एवढ्या वेळा थरथरतो. आता याचं निम्मं कर.” १६,३८४. “त्याचं निम्मं.” ८,१९२. मी म्हटलं, कळलं काका. “कळलं नाही. कर.” ४,०९६, २,०४८, १,०२४. चहावर साय आली. पाचशे बारा, दोनशे छप्पन्न. काकू मुकाट्याने कप घेऊन गेली आणि गरम करून आणला. चार, दोन, एक. “मोज. किती वेळा?” पंधरा. “पंधरा वेळा निम्मं केलं की एक सेकंद. म्हणून तो आकडा निवडलाय. मोठी बॅटरी असते तोवर तिचं खातो. ती तू काढलीस, म्हणून वीज गेली की सगळा भार या पोरावर. पाच वर्षं धर.” आणि त्यांनी कीबोर्डच्या खाली, कोणाला कधी दिसणार नाही अशा जागी, चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलं: ‘पुढचा सेल २०२९’.

स्क्रू परत लावायची वेळ आली तेव्हा जिऱ्यातले तीन त्यांनी लावले. मग बोटं चोळली आणि पेचकस माझ्यापुढे धरला.

“मोहरी तू लाव. मला दिसत नाहीये नीट.”

दिसत होतं. मी स्क्रू भोकात टेकवला आणि पिळला. तिरका गेला.

“अंहं. आधी उलटा फिरव. डावीकडे. हळू. टक् वाजेल.”

फिरवला. टक् वाजलं. इतकं बारीक, की कानापेक्षा बोटालाच जास्त ऐकू आलं.

“आटा सापडला. आता उजवीकडे.” चौथ्या स्क्रूपर्यंत मला ते टक् आपोआप येऊ लागलं आणि काका पेपर वाचू लागले.

सगळं मिटल्यावर हिंगाच्या वाटीत एक स्क्रू उरला. मी वही काढली. वहीत हिंग नव्हतंच. काका म्हणाले, हा तुझा नाही. मी म्हटलं, नक्की? काका म्हणाले, शंभर टक्के. तेवढ्यात काकूने वाकून बघितलं. “अगंबाई! हा माझ्या कुकरच्या दांड्याचा. दिवाळीपासून शोधतेय. यांनीच उघडला होता.”

“आण इकडे कुकर,” काका म्हणाले. “बघू तर.”

तारीख-वेळ लावायचं काम राहिलं होतं. काकांनी मनगट वर केलं. त्यांचं चावीचं एचएमटी दहा मिनिटं पुढे असतं, घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात, आणि ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्याचा काडीचा उपयोग होत नाही. त्यांनी तीच वेळ लॅपटॉपला घालायला लावली. मी म्हटलं, इंटरनेटवरून आपोआप बरोबर होईल. काकांनी विचारलं ते कुठे असतं, आणि तिथली खूण काढून टाकायला लावली.

“त्यांच्या घड्याळावर आपण का चालायचं?”

गुरुवारी सकाळी दहाला वीज गेली. अडीचला आली. मी लॅपटॉप लावला, आणि पडदा उजळायच्या आत फोन वाजला.

“काय म्हणतोय?”

मी कोपऱ्यातल्या आकड्यांकडे बघितलं. तारीख आजची होती.

“दहा मिनिटं पुढे आहे, काका.”

“बरोबर,” काका म्हणाले आणि फोन ठेवला.